दूरच्या लिनक्स पेट्यांवर हलका एजंट बसवायचा आहे : टॉवेल कारखान्यांसाठी सल्ला हवा

माग_आणि_मीटर (अक्कलकोट रोड, सोलापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. सोलापुरातील अक्कलकोट रोड आणि चिंचोळी या दोन औद्योगिक वसाहतींमधील टेरी टॉवेल व चादरीच्या कारखान्यांत आम्ही छोट्या लिनक्स पेट्या बसवतो. प्रत्येक पेटीत 1 जीबी रॅमचे रास्पबेरी पाय 3 (हाताच्या पंजाएवढा संगणक) असते. ते आरएस-485 तारेवरून वीजमीटर वाचते, मागांच्या काउंटरवरचे आकडे गोळा करते आणि पाळी संपली की उत्पादनाचा गोषवारा मालकांच्या मोबाइलवर पाठवते. पेट्या मोजक्या होत्या तोवर काही बिघडले की दुचाकीवरून जाऊन ठीक करणे परवडत असे. आता बार्शी आणि मोहोळकडचे कारखानेही जोडले गेल्यामुळे एखादे पॅकेज अद्ययावत करायचे किंवा पासवर्ड बदलायचा म्हटले तरी आठवडा मोडतो.

त्यामुळे प्रत्येक पेटीवर एखादा हलका एजंट (सतत चालून कार्यालयाशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) बसवून सगळे काम कार्यालयातून करावे, असा विचार आहे. अडचणी अशा आहेत. बहुतेक ठिकाणी इंटरनेट 4जी सिमच्या राउटरवरून येते, स्थिर सार्वजनिक आयपी कोणाकडेही नाही आणि राउटरवर पोर्ट उघडायला मालक तयार नसतात. वीज केव्हाही जाते आणि पेटी आहे त्या स्थितीत बंद पडते. प्रणाली एसडी कार्डवर असल्याने सतत लिहिणारे काहीही आम्हाला नको आहे. मागांच्या शेडमध्ये उन्हाळ्यात उकाडा असतो, शिवाय पेटीच्या जाळीवर कापसाचे तंतू बसून हवा अडते, त्यामुळे प्रोसेसरवर जादा भार टाकण्याचीही सोय नाही.

एजंट कोणता निवडावा, त्याला मेमरी आणि डेटा किती लागेल, हे तर विचारायचे आहेच. त्याशिवाय एक प्रश्न तांत्रिक नाही, तरी तो टाळता येत नाही. एका मालकांनी स्पष्टच विचारले की, "म्हणजे आमच्या कारखान्याच्या नेटवर्कमध्ये तुम्ही रात्री-अपरात्री केव्हाही शिरू शकणार का?" यावर प्रामाणिक उत्तर काय द्यावे, हेही सुचवावे.

सेवा_चालू_आहे यांचे उत्तर

आपल्या प्रश्नात दोन वेगळी कामे एकत्र आली आहेत आणि ती वेगळी केल्याशिवाय निवड नीट होणार नाही. यंत्राची ख्यालीखुशाली कळणे हे एक काम आणि यंत्राला हुकूम देता येणे हे दुसरे. बाजारातील अनेक एजंट ही दोन्ही कामे एकाच प्रोग्रॅमकडे सोपवतात आणि तो प्रोग्रॅम रूट (यंत्रावर काहीही करू देणाऱ्या) अधिकाराने चालवतात. सोय मोठी असते, यात शंका नाही. पण दिवसातून हजार वेळा तापमान कळवणाऱ्या प्रोग्रॅमला यंत्र पुसून टाकण्याचा अधिकार का असावा, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणत्याही विक्रेत्याने दिलेले नाही. म्हणून माझा सल्ला असा, की खबर देणारा एजंट अधिकारहीन ठेवावा आणि हुकूम देण्याची वाट स्वतंत्र, अरुंद व नोंद राहील अशी असावी.

खबरीसाठी झॅबिक्स या देखरेख प्रणालीचा एजंट 2 आपल्या परिस्थितीला योग्य वाटतो, मात्र तो सक्रिय पद्धतीने चालवला पाहिजे. निष्क्रिय पद्धतीत सर्व्हर एजंटच्या 10050 या पोर्टवर येऊन विचारपूस करतो, आणि सिमच्या राउटरमागे ते शक्यच नाही. मोबाइल कंपन्या आयपीव्ही4 साठी बहुधा 100.64 ते 100.127 या सामायिक पट्ट्यातील पत्ता देतात. तो बाहेरून गाठता येत नाही, त्यामुळे मालकांनी पोर्ट उघडून दिले असते तरी उपयोग झाला नसता. सक्रिय पद्धतीत एजंट स्वतः सर्व्हरच्या 10051 पोर्टवर जातो, काय मोजायचे त्याची यादी घेतो आणि आकडे देऊन परततो. पेटीवर बाहेरून ऐकणारे एकही पोर्ट लागत नाही. एजंटचा ऐकण्याचा पत्ता 127.0.0.1 (म्हणजे पेटी स्वतःच) एवढाच ठेवावा.

मूळ मांडणीतील तीन गोष्टी मात्र बदलाव्या लागतील. सक्रिय तपासण्यांची यादी ताजी करण्याचा अवधी अलीकडच्या आवृत्त्यांत 5 सेकंद असतो. कार्यालयातील केबल जोडणीवर त्याने फरक पडत नाही, पण सिमवर तो विनाकारण डेटा खातो, म्हणून तो 120 सेकंद किंवा त्याहून अधिक करावा. दुसरे, जोडणी पूर्वसामायिक किल्लीने (दोन्ही बाजूंना आधीच दिलेल्या गुप्त किल्लीने) कूटबद्ध करावी आणि प्रत्येक पेटीची किल्ली वेगळी असावी. तिसरे, इंटरनेट बंद असतानाचे आकडे एजंट 2 डिस्कवर साठवून नंतर पाठवू शकतो. ही सोय मुद्दाम चालू करावी लागते आणि तिची मूळ मर्यादा एका तासाची आहे. ती पूर्ण पाळीइतकी वाढवावी. सी भाषेतील जुना एजंट मेमरी कमी घेतो, पण तो आकडे केवळ मेमरीत धरतो. वीज गेली की तेही गेले. डिस्कवरील साठवणुकीमुळे एसडी कार्डवर थोडे लेखन वाढेल, परंतु मिनिटाला दहा-बारा आकडे हे लेखन फारसे नाही. कार्डे खरी झिजतात ती प्रणालीच्या नोंदींमुळे. त्या नोंदी ठेवणाऱ्या जर्नलडीची साठवण मेमरीतच राहील अशी मांडणी करा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

एजंट "हलका" असल्याची जाहिरात वाचून विश्वास ठेवण्याऐवजी लिनक्सवरील सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीकडूनच त्याला मर्यादा घालून द्यावी. सेवेच्या फाइलमध्ये मेमरीमॅक्स 64 एमबी आणि सीपीयूकोटा 10 टक्के लिहिले, की एजंट कितीही बिघडला तरी मीटर वाचणारा मुख्य प्रोग्रॅम उपाशी राहत नाही. येथे एक खोच आहे. रास्पबेरी पायच्या प्रणालीत मेमरीचा सीग्रुप (प्रोग्रॅमवर मर्यादा घालणारी गाभ्यातील सोय) सहसा बंद असतो. बूट विभागातील सीएमडीलाइन फाइलमध्ये तो चालू केल्याशिवाय मेमरीमॅक्सची ओळ कोणतीही तक्रार न करता निष्प्रभ राहते आणि मर्यादा लागू आहे अशा समजुतीत आपण निर्धास्त असतो.

हुकमासाठी वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध खासगी जोडणी), त्यातून एसएसएच (दूरच्या यंत्राला आज्ञा देण्याची सुरक्षित वाट) आणि त्यावर अ‍ॅन्सिबल (अनेक यंत्रांवर एकच काम करवून घेणारे साधन), एवढे पुरेसे आहे. वायरगार्ड 2020 च्या मार्चमध्ये आलेल्या 5.6 आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातच असल्याने त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम सतत चालवावा लागत नाही. अ‍ॅन्सिबलला तर पेटीवर एजंटच लागत नाही. एसएसएच आणि पायथन असले की झाले. बोगदा जिवंत ठेवण्यासाठी दर 25 सेकंदांनी पाठवली जाणारी पाकिटे आणि अधूनमधून होणारी किल्ल्यांची अदलाबदल मिळून महिन्याला फार तर 10 ते 15 एमबी डेटा जातो.

नोड_मोजणी यांचे उत्तर

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, पण एक शंका आहे. वायरगार्ड बसवायचेच ठरले असेल, तर सर्व्हरला बोगद्यातून प्रत्येक पेटीपर्यंत पोहोचता येते. मग झॅबिक्सचा सगळा पसारा कशाला? पेटीवर नोड एक्स्पोर्टर (यंत्राचे आकडे दाखवणारा छोटा प्रोग्रॅम) ठेवावा, तो 9100 पोर्टवर फक्त बोगद्याच्या पत्त्यावर ऐकेल आणि कार्यालयातील प्रोमिथियस (आकडे गोळा करणारा सर्व्हर) ठरावीक वेळाने आकडे ओढून नेईल. नोड एक्स्पोर्टर एकच बायनरी आहे, त्याला डेटाबेस लागत नाही आणि हुकूम घेण्याची क्षमता त्याच्यात मुळातच नाही. म्हणजे आपल्या कसोटीलाही तो उतरतो.

सेवा_चालू_आहे यांचे उत्तर

कसोटीला उतरतो, हे मान्य. माझा आक्षेप निराळा आहे. खबर आणि हुकूम दोन्ही एकाच बोगद्यातून गेले, तर बोगदा पडताच दोन्ही एकदम बंद होतात आणि कारखान्यात वीज गेली आहे, सिमचा डेटा संपला आहे की वायरगार्डच अडले आहे, हे कार्यालयात बसून सांगता येत नाही. झॅबिक्सची खबर बोगद्याबाहेरून, स्वतःच्या किल्लीने येत असेल, तर "पेटी जिवंत आहे, बोगदा मेला आहे" हे लगेच दिसते आणि मोहोळपर्यंतची फेरी आवश्यक आहे की नाही, ते ठरवता येते. शिवाय प्रोमिथियस ओढायला आला त्या क्षणी पेटी गाठता आली नाही, तर तो आकडा कायमचा गेला; पाळीचा हिशेब देणाऱ्याला अशी भोके चालत नाहीत. कार्यालयात आधीपासून प्रोमिथियस चालवणारा कोणी असेल, तर त्याने मात्र ते सोडून झॅबिक्सकडे वळावे असे मी म्हणणार नाही.

लॉगवाचक_ताई यांचे उत्तर

बोगदा मरण्याचा विषय निघालाच आहे, म्हणून सोलापूरसारख्या ठिकाणी, जेथे वीज जाणे-येणे नित्याचे आहे, तेथे हमखास आढळणारे कारण सविस्तर लिहिते.

रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या कोणत्याही यंत्रात बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज गेली की यंत्र वेळ विसरते. पुन्हा सुरू होताना ते शेवटी जतन केलेली वेळ घेते आणि एनटीपीकडून (इंटरनेटवरून वेळ देणाऱ्या सेवेकडून) खरी वेळ मिळेपर्यंत तीच धरून चालते. वायरगार्डच्या ओळखपरेडीत प्रत्येक यंत्र आपला वेळशिक्का पाठवते आणि या आधी आलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का सर्व्हर स्वीकारत नाही, कारण कोणी जुने पाकीट पकडून पुन्हा पाठवू नये यासाठीच तो नियम आहे. आता पेटी चालू झाली, तिचे घड्याळ चाळीस मिनिटे मागे आहे आणि ती हात पुढे करते आहे. सर्व्हरच्या दृष्टीने हा जुना, संशयास्पद निरोप असल्यामुळे तो एक शब्दही न बोलता टाकून देतो. दोन्ही बाजूंच्या नोंदींत त्रुटी म्हणून काहीच दिसत नाही. माणूस किल्ल्या तपासतो, राउटर बदलतो, सिम कंपनीला दूषणे देतो आणि तेवढ्यात एनटीपीची वेळ लागून बोगदा आपोआप सुरू होतो.

इथवर ठीक आहे. पण पेटीची सगळी वाहतूक बोगद्यातूनच जावी अशी मांडणी कोणी केली असेल, तर एनटीपीची विनंतीही बोगद्यातच अडकते. वेळ लागल्याशिवाय बोगदा नाही आणि बोगद्याशिवाय वेळ नाही. म्हणून पेटीच्या बाजूला अलाउडआयपीजमध्ये (बोगद्यातून कोणत्या पत्त्यांकडे जायचे त्या यादीत) फक्त कार्यालयातील सर्व्हरचा बोगद्यातील पत्ता लिहावा, सर्व इंटरनेट नव्हे, आणि यूडीपी 123 पोर्टवरील एनटीपी थेट बाहेर जाऊ द्यावे. ज्या कारखान्यांत वीज वारंवार जाते, तेथे डीएस3231 चे छोटे घड्याळ नाणेसेलसह जोडून द्यावे; त्याची किंमत एका फेरीच्या पेट्रोलपेक्षा जास्त नसते.

टीएलएस (कूटबद्ध जोडणीच्या) प्रमाणपत्रांवर चालणाऱ्या एजंटांनाही हेच दुखणे होते, कारण घड्याळ मागे असले की नवे प्रमाणपत्र "अजून वैध झालेले नाही" असे ठरते. वर सुचवलेली झॅबिक्सची पूर्वसामायिक किल्ली मात्र वेळ पाहत नाही, त्यामुळे घड्याळ चुकलेल्या पेटीचीही खबर येते. आकड्यांवरची वेळ चुकीची असते, हे लक्षात ठेवावे. पेटीची वेळ आणि सर्व्हरची वेळ यांतील फरक हीच एक तपासणी म्हणून लावून ठेवली, तर निम्म्या तक्रारींचे मूळ तेथेच सापडते.

माग_आणि_मीटर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताई, आपण वर्णन केलेली लक्षणे आमच्या एका कारखान्यातील पेटीला तंतोतंत लागू पडतात. तेथे आम्ही राउटरलाच दोष देत होतो.

दोन गोष्टी आणखी विचारतो. आमच्याकडे एक तयार कार्ड असते आणि त्याच्या प्रती काढून आम्ही नव्या पेट्यांत घालतो. एजंटही त्या मूळ कार्डावरच बसवून ठेवला तर चालेल का? दुसरे, एका परिचितांनी मेशसेंट्रल सुचवले आहे. ब्राउझर उघडायचा, पेटीवर टिचकी मारायची आणि टर्मिनल समोर, असे ते सांगतात. आमच्याकडील तंत्रज्ञांना एसएसएचच्या किल्ल्यांची सवय नसल्याने ते आकर्षक वाटते.

सेवा_चालू_आहे यांचे उत्तर

कार्डावर पॅकेज आधीच बसवून ठेवावे, ओळख मात्र बसवू नये. ईटीसी निर्देशिकेतील मशीन-आयडी, एसएसएचच्या यजमान किल्ल्या, वायरगार्डची खासगी किल्ली आणि एजंटचे होस्टनेम या चार गोष्टी प्रत्येक पेटीच्या स्वतःच्या असल्या पाहिजेत. दोन पेट्या एकाच होस्टनेमने बोलू लागल्या, तर झॅबिक्स दोघींचे आकडे एकाच आलेखात ओततो आणि बार्शीच्या शेडचे तापमान चिंचोळीच्या नावावर चढते. दोघींची वायरगार्ड किल्ली एकच असली, तर जी शेवटी बोलली तिच्याकडे बोगदा वळतो आणि दोघी एकमेकींना आळीपाळीने बाहेर ढकलत राहतात. मूळ कार्ड बंद करण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करावी (ती पुसून टाकू नये) आणि यजमान किल्ल्या काढाव्यात. पहिल्यांदा सुरू होताना एकदाच चालणारी सिस्टमडीची सेवा नव्या किल्ल्या निर्माण करील आणि प्रोसेसरच्या अनुक्रमांकावरून होस्टनेम ठरवील, अशी व्यवस्था करावी.

बसवताना आणखी एका ठिकाणी माणसे अडतात. संकेतस्थळावरील एका ओळीची तयार आज्ञा चालवली, की ती यूनेम या लिनक्स आज्ञेला विचारून प्रोसेसरचा प्रकार ओळखते. रास्पबेरी पायच्या 32 बिटच्या प्रणालीतही अलीकडे गाभा 64 बिटचा असू शकतो, त्यामुळे यूनेम "एआर्क64" असे उत्तर देते, आज्ञा 64 बिटचा एजंट उतरवते आणि तो सुरू करताना फाइल डोळ्यांसमोर असूनही "अशी फाइल किंवा निर्देशिका नाही" असा संदेश येतो. खरा प्रकार पॅकेजे बसवणाऱ्या डीपीकेजीला विचारावा. त्याने "आर्मएचएफ" (म्हणजे 32 बिट) म्हटले तर तोच खरा. तसेही इंटरनेटवरून आलेली स्क्रिप्ट न वाचता थेट रूटच्या हाती देणे मला पसंत नाही. अ‍ॅप्टच्या (पॅकेजे उतरवणाऱ्या साधनाच्या) भांडारातून, स्वाक्षरीची किल्ली केवळ त्या भांडारापुरती बांधून घेतलेले पॅकेजच वापरावे.

मेशसेंट्रल चांगले आहे, मुक्त स्रोताचे आहे, आणि त्याचा एजंटही 443 पोर्टवरून बाहेरच जोडला जातो, म्हणजे सिमवर विनातक्रार चालते. परंतु तो रूट अधिकाराने चालतो आणि ब्राउझरमधील एका लॉगिनमागे सगळे कारखाने उघडे असतात. घ्यायचेच असेल, तर दुहेरी प्रमाणीकरण सक्तीचे ठेवून, सर्व्हर स्वतःचा असेल तरच घ्यावे. तंत्रज्ञांना एसएसएचची किल्ली वापरायला शिकवणे हे एका दुपारचे काम आहे आणि मी तेच करीन.

आणि दूरवरून फायरवॉल किंवा वायरगार्डची मांडणी बदलण्यापूर्वी सिस्टमडी-रनने दहा मिनिटांनंतर जुनी मांडणी परत आणणारा टायमर लावून ठेवावा. बदलानंतर आत येता आले तर टायमर रद्द करावा; येता आले नाही तर दहा मिनिटे थांबावे, पेटी स्वतःच पूर्ववत होईल. हे न करता साठ पेट्यांवर एकाच वेळी बदल सोडणाऱ्याने पेट्रोलची टाकी भरून ठेवावी.

पहारेकरी_443 यांचे उत्तर

मालकांनी विचारलेल्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, आणि माझ्या मते या चर्चेत तोच सर्वांत रास्त प्रश्न आहे. प्रामाणिक उत्तर "होय, शिरू शकतो" हेच आहे. म्हणून "कोण, कोठपर्यंत आणि कोणत्या नोंदीसह" हे लेखी द्यावे.

धोका पेटीपेक्षा आपल्या सर्व्हरवर अधिक असतो, हे दोन घटनांवरून दिसते. 2020 च्या मे महिन्याच्या आरंभी सॉल्ट या व्यवस्थापन प्रणालीच्या मुख्य सर्व्हरमधील प्रमाणीकरण टाळता येणारी त्रुटी वापरून, 4505 व 4506 ही पोर्टे इंटरनेटला उघडी असलेल्या ठिकाणी हल्ले झाले. लिनिएजओएस या अँड्रॉइडवर आधारित मुक्त प्रणालीचे सर्व्हर त्यांत सापडले. तेथेही एजंट बाहेरच जोडले जात होते, पण हुकूम देणारा मुख्य सर्व्हर उघडा होता. 2021 च्या 2 जुलैला कासेया कंपनीच्या दूरव्यवस्थापन प्रणालीतून ग्राहकांच्या विंडोज यंत्रांवर खंडणीचे सॉफ्टवेअर पोहोचले, ते एजंटांच्याच मार्गाने. स्वीडनमधील कूप या दुकानसाखळीला गल्ल्यांची यंत्रे बंद पडल्याने शेकडो दुकाने मिटावी लागली. त्या दुकानांनी कासेयाशी थेट व्यवहारही केलेला नव्हता, त्यांच्या सेवादाराने केला होता. आपल्या बाबतीत सेवादार आपण आहात.

म्हणून वायरगार्डच्या सर्व्हरवर प्रत्येक पेटीला एकच पत्ता द्यावा आणि पेटीकडून पेटीकडे जाणारी वाहतूक फायरवॉलने पूर्ण बंद ठेवावी, म्हणजे एका कारखान्यातील पेटी कोणी फोडली तरी शेजारच्या स्पर्धकाच्या उत्पादनाचे आकडे त्याला दिसणार नाहीत. (टॉवेलच्या धंद्यात मालकांना व्हायरसपेक्षा याचीच धास्ती जास्त असते.) पेटीवरून कारखान्याच्या संगणकांकडे जाण्याची वाट बंद करावी, तिला मीटर आणि बाहेरचे इंटरनेट एवढेच लागते. प्रत्येक तंत्रज्ञाचे खाते वेगळे असावे, सामायिक "अ‍ॅडमिन" नसावे, आणि कोण केव्हा आत आले याची नोंद पेटीवर न ठेवता सर्व्हरवर पाठवावी, कारण आपण जर्नल मेमरीत ठेवल्याने वीज जाताच ती नाहीशी होईल. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे नोंदी 180 दिवस जपणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे अपेक्षित आहे. करारात हे कलम घातले तर मालकांनाही बरे वाटते.

ज्या मालकांना तरीही संकोच वाटतो, त्यांच्यासाठी पेटीवर एक साधे बटण द्यावे. ते दाबले की वायरगार्डची सेवा दोन तास चालू राहते आणि नंतर आपोआप बंद होते. एरवी फक्त खबर जाते. रात्रीची दुरुस्ती त्यामुळे थोडी अडेल, पण फोन करून "बटण दाबता का" असे विचारता येते, आणि पाळीवरचा जॉबर (माग सांभाळणारा कारागीर) ते काम आनंदाने करतो.

माग_आणि_मीटर

बटणाची कल्पना फार आवडली. चिंचोळीच्या एका कारखान्यात प्रथम एकाच पेटीवर हे सर्व बसवून पाहतो. एवढेच विचारतो, की एखाद्या मालकांनी सेवा बंद केली तर पेटी काढण्याआधी काय करावे?

पहारेकरी_443 यांचे उत्तर

पेटीपासून सुरुवात करू नये, सर्व्हरपासून करावी. वायरगार्डमधून त्या पेटीची सार्वजनिक किल्ली काढावी आणि झॅबिक्समधील तिची नोंद आकड्यांसह मालकांच्या स्वाधीन करून मग मिटवावी. एवढे झाले की पेटी कोणाच्याही हाती गेली तरी तिला आपल्याकडे येण्याची वाट उरत नाही. त्यानंतर पेटीवरील एजंट पर्ज करून काढावा, म्हणजे मांडणीच्या फाइलीही जातात. पूर्वसामायिक किल्लीची फाइल आपण हाताने ठेवलेली असल्याने ती वेगळी पुसावी लागते. कार्ड पुन्हा वापरणार असाल तर त्यावर मूळ प्रत नव्याने लिहावी, आणि मालकांनी कार्ड मागितले तर ते देऊन टाकावे.